मिस्त्रींनी पास केलेलं पिस्तूल

ती आली आणि खुर्चीत बसली. भावजींनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला आणि न पिताच टेबलावर ठेवला.

"माझ्या वडिलांच्या चुकीनं एक माणूस मेला, असं सगळे म्हणतात," ती शेवटी म्हणाली. आवाजात कसलाही चढउतार नव्हता. "बाबाही तसंच म्हणतात. मला फक्त खरं काय ते हवंय."

वहिनींनी वही उघडली. नवऱ्याच्या मागे त्यांनी खासगी तपासाचा हा उद्योग सुरू केला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. फक्त धाकटे दीर, म्हणजे भावजी, पोस्टातून निवृत्त होताच येऊन म्हणाले होते, "वहिनी, माझ्याजोगतं काही काम आहे का?" तसं काम काही नव्हतं. पण विचार करताना समोर एक तरी न कळणारा माणूस हवा, असं वहिनींचं मत होतं.

"सुरुवातीपासून सांग," त्या म्हणाल्या.

मुलीने सांगितलं. तिचे वडील जुनी हत्यारं विकत घेणाऱ्या आणि विकणाऱ्या एका परवानाधारक दुकानात मिस्त्री होते. तीस वर्षं. आलेलं हत्यार खोलायचं, तपासायचं, चालवून बघायचं, त्याचा भरवसा किती आणि मोल किती हे चिठ्ठीवर लिहायचं, हे त्यांचं काम. गुरुवारी सकाळी एक जुनं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल विकायला आलं. त्यांनी ते तपासलं, मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि ते घरी जेवायला आले. परत गेले तेव्हा दारात पोलीस होते. मालक मागच्या खोलीत छातीत गोळी लागून मेले होते.

"पोलीस म्हणतात, बाबा एक गोळी नळीत विसरले. मालकांनी पुसायला घेतलं आणि ते उडालं."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"'असेल,' म्हणतात. चार दिवस एवढंच. उद्या फौजदार जबाब घ्यायला येणार आहेत. बाबा म्हणतात, सही करून टाकतो. मग तुरुंग. आणि तुरुंगापेक्षा..." ती थांबली. "ते हाताकडे बघत बसतात हो. जेवतानाही ताटाकडे नाही बघत, हाताकडे बघतात."

तिने पिशवीतून मिस्त्रींची तपासणीची वही काढली. प्रत्येक चिठ्ठीची कार्बन प्रत त्यात होती. वहिनींनी शेवटची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"'बाहेरची चकाकी नवीन पॉलिशची, तिच्यावर जाऊ नये. नळीतले आटे शाबूत. तिन्ही ठिकाणचे नंबर जुळतात. मूठ डावीकडे टवकलेली. मॅगझिन एकच, मूळचं. तोंड वाकलं होतं, सरळ केलं. मॅगझिन काढल्यावर चाप बंद पडतो, ती सोय नीट चालू. परतीची स्प्रिंग थकलेली. पन्नास गोळ्या झाडल्या, एकदा अडलं. स्प्रिंग बदलल्यास भरवशाचं.'"

खाली, दोन रेघा मारून, किमतीचा आकडा होता. भावजी खांद्यावरून डोकावले.

"आकडा फारच कमी लावलाय की हो!"

"आणि वर काय लिहिलंय?"

"वर... चांगलंच लिहिलंय ना काहीतरी?"

"मी आत्ताच वाचलं, भावजी."

"तुम्ही वाचत होतात तेव्हा मी आकडाच बघत होतो," भावजी प्रामाणिकपणे म्हणाले.

मुलीला आणखी एक गोष्ट आठवली. बुधवारी बाबा आणि मालक दुकानातलं 'बाद' कपाट उघडून बसले होते. मिस्त्रींनी नापास केलेली हत्यारं मोडायची म्हणून त्यात ठेवलेली असतात. त्यातलं एक कमी होतं.

---

मिस्त्री घरी खिडकीपाशी बसले होते. वहिनी समोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी मालकांचं नावच काढलं नाही.

"मिस्त्री, जुनं पिस्तूल पारखायचं कसं?"

 म्हातारा बोलू लागला. शब्द सावकाश येत होते.

"आधी चकाकी विसरायची. विकायला आणणारा पॉलिश करूनच आणतो. नळीत बघायचं, आतले पिळाचे आटे बोथट आहेत का. नंबर बघायचे, नाहीतर तीन पिस्तुलांचं मिळून एक केलेलं असतं. मॅगझिनचं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीचं, तोंड बघायचं. निम्मी पिस्तुलं तिथंच अडतात. आणि मग झाडून बघायचं. एकदा नव्हे, पन्नासदा. एकदा कोणीही नीट वागतं."

"आणि काम झाल्यावर?"

"मॅगझिन काढायचं. वरची स्लाइड मागं ओढायची. आत करंगळी घालून बघायची."

"गुरुवारी घातली होती?"

"रोज घालतो," मिस्त्री म्हणाले. "रोज घालतो, म्हणून त्या दिवशीची आठवत नाही."

 भावजींनी उगाच घसा खाकरला. मुलीने चहा आणला, कोणी घेतला नाही.

---

दुकान आता मालकांचे धाकटे भाऊ बघत होते. त्यांना सगळे 'धाकटे' म्हणत. पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. पुढे काचेचा काउंटर, मागे तपासणीची खोली. तिला दुसरं दार नव्हतं. कोपऱ्यात वाळू भरलेलं पिंप होतं. चाचणीच्या गोळ्या त्यात झाडत.

"म्हणून आवाजाकडं कोणी लक्ष दिलं नाही," धाकटे म्हणाले. "दिवसभर बार चालूच असतात. शेजारच्यांनासुद्धा सवय झालीय."

"त्या दिवशी कोण कोण आत गेलं?"

"पिस्तूल आणलं ते जहाजावरचे रिटायर्ड कप्तान, आणि मिस्त्री. कप्तान साडेबाराला गेले, मिस्त्री एकला. मी इथं काउंटरवरच. माझ्यासमोरून गेल्याशिवाय आत जाता येत नाही. नंतर कोणी गेलं नाही. दीड वाजता दादाला चहा विचारायला गेलो तर..." त्यांनी रुमाल काढला.

"काय दिसलं?"

"दादा खुर्चीत, मान खाली. पिस्तूल जमिनीवर. टेबलावर फडकं, तेलाची बाटली आणि वेगळं काढून ठेवलेलं मॅगझिन. आमच्या धंद्यात बहुतेक अपघात असेच होतात बघा. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं. पण एक नळीत राहिलेली असते."

"मॅगझिन तुम्ही काढलं असेल. हत्यारवाल्याचा हात सवयीनं जातो."

"छे! कशालाही हात लावला नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं, सही केलीय."

"मिस्त्रींची चिठ्ठी बघितली होती?"

"बघितली की." धाकट्यांनी आकडा घडाघडा सांगितला. "मी दीडपटीनं विकून दाखवलं असतं. मिस्त्री माणूस चांगला हो, पण वय झालं. कुणाच्या हातून चूक होत नाही?"

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "भला माणूस वाटला."

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

---

कप्तानांच्या दोन खोल्या इतक्या टापटीप होत्या की भावजी चपला हातात घेऊनच आत गेले. किंमत कमी लावली म्हणून मिस्त्रींचा राग आला का, असं वहिनींनी सरळच विचारलं.

"राग कसला? त्यांनी सांगितलेले सगळे दोष खरे होते. उलट माझ्या वस्तूला वीस वर्षांत कुणी एवढा मान दिला नाही." कप्तान जरा हसले. "मी एकदाही माणसावर चालवलं नाही. एका सफरीत मॅगझिन समुद्रात पडलं. दुसरं मिळेपर्यंत तीन महिने पिस्तूल नकाशावर वजन म्हणून ठेवलं होतं. दुसऱ्या कुठल्या उपयोगाचंच राहिलं नव्हतं."

"दुकानात काही वावगं दिसलं?"

"दिसलं नाही, ऐकलं. मी बाकावर बसलो होतो. मालक भावाला म्हणत होते, 'शुक्रवारी मी परवाना कचेरीत जाणार. आता पांघरूण घालणार नाही.' भाऊ गप्प होता."

जिन्यावर भावजी कुजबुजले, "वहिनी, हाच! फार शांत आहे. आणि मिस्त्रींनी मॅगझिन मूळचं लिहिलंय, हा म्हणतो मूळचं समुद्रात पडलं, म्हणजे खोटं बोलतोय!"

"मिस्त्रींनी मूळचं लिहिलंय ते बनावटीबद्दल, भावजी. कंपनीचं आहे, नकली नाही, एवढाच अर्थ. पण आज तुम्ही चिठ्ठी वाचलीत, ही प्रगतीच म्हणायची."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी, मिस्त्रींचा जबाब घेण्याआधी अर्धा तास द्यावा, अशी विनंती वहिनींनी फौजदारांना केली. फौजदारांना ती आवडली नव्हती, पण ते आले. मागच्या खोलीत कप्तान होते, धाकटे होते. टेबलावर पोलिसांच्या पाकिटातून काढलेलं रिकामं पिस्तूल, बाजूला मॅगझिन आणि त्या दिवशीचा फोटो.

"फौजदारसाहेब, फोटोत मॅगझिन कुठं आहे?"

"टेबलावर, बाहेर. पंचनाम्यातही तसंच आहे."

"तुमच्या माणसांनी काढलं नाही?"

"नाही. आम्ही आलो तेव्हा तसंच होतं."

"आणि धाकटे, तुम्हीही हात लावला नाही."

"किती वेळा सांगू? नाही!"

"ठीक. आता साहेब, पिस्तूल रिकामं आहे ना? पुन्हा बघा, आणि वाळूच्या पिंपाकडं धरून चाप ओढा."

फौजदारांनी स्लाइड मागे ओढून आत पाहिलं, पिस्तूल पिंपाकडे धरलं आणि चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा जोर लावून ओढला. काही नाही.

"आता रिकामं मॅगझिन बसवा."

मॅगझिन बसलं. या वेळी चाप ओढताच आतून खट्ट आवाज आला.

 वहिनींनी कार्बनची वही उघडून फौजदारांसमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"मॅगझिन काढल्यावर चाप बंद पडतो. मिस्त्रींनी हे स्वच्छ लिहिलंय. म्हणजे नळीत गोळी राहिली असती, तरी मॅगझिन बाहेर असताना हे पिस्तूल उडणं शक्य नव्हतं. पण ते उडालं. म्हणजे तेव्हा मॅगझिन आत होतं, आणि गोळी लागल्यावर कोणीतरी ते काढून ठेवलं. मालकांनी नव्हे. मेलेला माणूस आवराआवर करत नाही."

"कोणी काढलं मग?" भावजींना राहवलं नाही.

"ज्याला अपघात दाखवायचा होता त्यानं. पण कसा? मिस्त्रींना ही सोय माहीत होती, त्यांनीच ती लिहिली. कप्तानांना माहीत होती. मॅगझिन गेल्यावर पिस्तूल तीन महिने नुसतं वजन होऊन पडलं होतं. या दोघांपैकी कोणी असता तर मॅगझिन आतच ठेवलं असतं. हा देखावा अशा माणसानं रचला, ज्याला हत्यारं माहीत आहेत पण हे हत्यार माहीत नाही. ज्यानं चिठ्ठी पाहिली, पण फक्त आकडा वाचला."

भावजींनी मान खाली घातली. आपणही तेच केलं होतं, हे त्यांना आठवलं.

"आणि एक वाजल्यानंतर कोणीच आत गेलं नाही, हे धाकट्यांनी स्वतःच सांगितलं. अपघाताचा दोष मिस्त्रींवरच यावा म्हणून. पण मग आत जायला ते एकटेच उरतात."

"कशासाठी पण?" फौजदारांनी विचारलं. त्यांनी आता टोपी काढली होती.

वहिनींनी वहीची पानं मागे उलटली. "सात महिन्यांपूर्वीची चिठ्ठी. 'नळीला चीर. बाद. मोडावं.' खाली सुट्या भागांच्या किमतीचा आकडा. तो वाचून धाकट्यांनी ते पिस्तूल विकून टाकलं. कोणाकडं आहे, देव जाणे. त्याच्या हातात कधी फुटेल, सांगता येत नाही. बुधवारी 'बाद' कपाटात तेच कमी असल्याचं मालकांना आणि मिस्त्रींना कळलं. शुक्रवारी मालक परवाना कचेरीत जाणार होते. गुरुवारी ते मेले, आणि मिस्त्रींच्या शब्दाला किंमत राहिली नाही. एका दगडात दोन पक्षी."

"मॅगझिन... गडबडीत मीच काढलं असेल," धाकटे म्हणाले. "आठवत नाही."

"आत्ताच माझ्यासमोर नाही म्हणालात," फौजदार म्हणाले. "जबाबावर सही आहे. अपघात समजून आम्ही मॅगझिनवरचे ठसे घेतले नव्हते. ती आमची चूक. आता घेऊ."

धाकटे खुर्चीत बसले. भाऊ मेला होता त्याच खुर्चीत, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"दादा मला लहानपणापासून दुकानात पुढं बसवायचा," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "वरचं वाचायला मिस्त्री होता ना. मी आकडा सांगायचो. तीस वर्षं तसंच चाललं." मग थोड्या वेळाने त्यांनी विकत घेणाऱ्याचं नाव सांगितलं. गोदामावरचा एक पहारेकरी होता. फौजदारांनी लगेच माणूस धाडला.

---

मिस्त्री खिडकीपाशीच होते. जबाबासाठी घातलेला धुतलेला शर्ट अंगावर होता. वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मॅगझिन बाहेर होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ते उडालंच नसतं."

"नाही."

"मला कोणी विचारलंच नाही," मिस्त्री म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "कोणी केलं?"

मुलीने हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली. धाकट्यांना पहिल्यांदा हत्यार खोलायला त्यांनीच शिकवलं होतं. भावजींना वाटलं, आता हा माणूस सुटकेचा श्वास सोडेल. तसं झालं नाही. 

मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले आणि मुलीचा हात धरला. आपल्या हातून जो मेला त्याच्यासाठी रडायचा हक्क आपल्याला नाही, असं समजून त्यांनी पाच दिवस काढले होते. रोज सकाळी ज्यांच्याबरोबर तीस वर्षं दुकानाचं शटर उघडलं, त्यांच्या अंत्ययात्रेलाही ते गेले नव्हते.

"मालक गेले गं," ते म्हणाले. बातमी आत्ताच घरी आल्यासारखं.

आणि ते रडायला लागले. मुलगी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. वहिनींनी भावजींना खूण केली, आणि दोघं जिना उतरून गेले.