रूबेनचा अर्धा भाग

विज्ञान इमारतीच्या तळघरातली संगणकाची खोली एरवी कुणाच्या लक्षातही यायची नाही. छताला लागून वाफेचे नळ गेलेले. उंचावरच्या खिडकीतून बाहेरच्यांचे फक्त बूट दिसत. हिवाळाभर तिथं ओल्या लोकरीचा आणि करपलेल्या कॉफीचा वास असायचा.

कॉलेज लहान, त्यात संगणकशास्त्र घेणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. क्रेबिल मॅडमचा नियम असा, की एका यंत्राला दोन खुर्च्या. डावीकडच्यानं टाईप करायचं, बोलायचं नाही. उजवीकडच्यानं बोलायचं, कळफलकाला बोट लावायचं नाही. मुलं त्यांना 'हात' आणि 'तोंड' म्हणत. चॅपलच्या घड्याळाचा टोला पडला, की खुर्च्यांची अदलाबदल.

थिआ रेगियर आणि रूबेन अनरू पहिल्या वर्षापासूनचे जोडीदार. रूबेनचं तोंड हाताच्या पाळीतही चालूच.

"तुला कुलूप घालायला हवं," थिआ म्हणायची.

"घाल की. किल्ली तेवढी हरवू नकोस म्हणजे झालं."

कॅन्ससच्या त्या गव्हाच्या मुलखात मेनोनाईट या ख्रिस्ती पंथाच्या देवळांतून स्तोत्रं वाद्यांशिवाय गातात. चार प्रकारचे आवाज एकात एक मिसळतात आणि लाकडी बाकांनाही कंप सुटतो. दोघं त्यातच वाढलेली. रूबेन खर्जाचा, थिआ मधल्या पट्टीची. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तोच घेतला होता. एका आवाजाची चाल दिली, की उरलेले तीन आवाज बांधून देणारा प्रोग्रॅम.

जानेवारीत गोठलेल्या रस्त्यावरून रूबेनची गाडी घसरली. त्याला पुरलं त्या दिवशी सगळं गाव गायलं. थिआचे नुसते ओठ हलले.

तेव्हापासून तिला काही जाणवतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून येताना ओठ जसा आपला वाटत नाही, तशी ती सगळीच बधिर. जेवायची, वर्गात बसायची, चॅपलमध्ये उभी राहायची. एकच तिच्या मनात होतं. त्याचा आवाज एकदा ऐकू आला, तर हे सुटेल. फोनवर त्याच्या आवाजातले निरोप होते, पण ते जुने होते. त्यांनी काही झालं नाही.

"एकटीनं कर प्रकल्प," मॅडम म्हणाल्या. "कुणी काही म्हणणार नाही."

ती एकटीच करू लागली. टोला पडला, की मात्र सवयीनं उठून उजवीकडे बसायची. डावी खुर्ची रिकामी. पुढच्या टोल्यापर्यंत तिथं गप्प बसून राहायचं, मग परत डावीकडे.

मार्चमध्ये एका दुपारी पलीकडच्या यंत्रावरचा डेस्मंड वैतागून वळला.

"ए, तुम्ही दोघं जरा हळू बोला ना. इथं माझं डोकं उठलंय."

"दोघं?"

डेस्मंड लालबुंद झाला. "सॉरी गं. सवयीनं आलं तोंडात."

तसंच असेल. पण त्या दुपारी थिआ एक अक्षरही बोलली नव्हती.

आठवड्याभरानं मॅडम जिन्यात भेटल्या. "काल दारापर्यंत आले होते. मधला आवाज एका सुरावरून लांबच्या सुरावर उडी घेतो ना, त्यावरून इतका छान वाद रंगला होता, की म्हटलं, नको मध्ये पडायला. आणि खरं सांगू, ती उडी मोठीच आहे. त्याचं…"

मॅडम थांबल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "वाऱ्याचा आवाज असेल," म्हणाल्या, आणि भराभर वर गेल्या.

थिआ खाली आली. उडी खरोखरच मोठी होती. तिनं ती काढून टाकली. मग डाव्या खुर्चीच्या पाठीला कान लावून बसली. नळांतली वाफ. यंत्राचा पंखा. वर कुणाचे तरी बूट.

"मलाच का नाही?" ती म्हणाली.

मे महिन्यात सादरीकरण आलं. मॅडमचा इथंही नियम होता, अर्धं एकानं सांगायचं, अर्धं दुसऱ्यानं. कीर्तनात बुवा थांबले की मागच्यांनी पद उचलावं, तसं. सांगणाऱ्याचं संपलं, की त्यानं जोडीदाराकडे बघायचं. जोडीदारानं मान हलवायची, आणि पुढचं त्यानं घ्यायचं. या दोघांत अखेरचा समारोप थिआचा असायचा.

छोटं सभागृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत रूबेनचे आईवडील होते. काकूंच्या मांडीवर फडक्यात बांधलेले दोन मजली पाव, एकावर एक गोळा ठेवून घरी भाजलेले.

थिआनं आपला भाग सांगितला. प्रोग्रॅमनं एका चालीवरून चार आवाज वाजवून दाखवले. रूबेनचा भागही तिनं पाठ केला होता. पण तो यायच्या जागी ती सवयीनं एक पाऊल मागे सरली, हात बांधले, आणि थांबली.



मग डेस्मंड हसला.

त्याच्यामागून सगळे हसले. क्रेबिल मॅडमनी, पुरे आता, अशी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रूबेनचे वडील बाकावरून पुढे झुकले होते.

कुणीच थिआकडे बघत नव्हतं. सगळे तिच्या शेजारी बघत होते.

तिनं कान ताणले. पंखा. फक्त पंखा.

बराच वेळ गेला. एकेक करून सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. म्हणजे त्याचं संपलं होतं.

थिआनं मान हलवली आणि समारोप उरकला.

टाळ्यांतून वाट काढत काकू आल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं.

"किती छान केलंस गं! त्याचा आवाज कधी भरून ठेवला होतास? आम्हाला सांगितलंही नाहीस."

"काकू, काय म्हणाला तो?"

"अगं, तू तर शेजारीच होतीस!" त्या हसल्या. मग तिचा चेहरा बघून जरा गोंधळल्या. "तेच ते, त्याचे नेहमीचे विनोद. आणि शेवटी तुला काहीतरी विचारलंन. अगदी हळू. ते नाही आम्हाला ऐकू आलं."

थिआनं वळून मघाच्या आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"दोनदा विचारलंन," काकूंनी फडकं सोडून एक पाव तिच्या हातात ठेवला. "तू आपली गप्पच. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता बघ. मग तू 'हो' म्हणून मान हलवलीस, तेव्हा कुठे त्यानं श्वास सोडला."