भरून पाहिलेली होडी

शिवराज होडी बघायला निघाला तो दिवस शुक्रवार, दोन हजार तेवीस सालच्या मार्चची दहा तारीख. सत्यनारायणमामा तारीख सांगायला कधी विसरत नाहीत. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या गच्चीवर रात्रीची जेवणं आटोपली की हरिता आणि कार्तिक, त्यांची भाचरं, हीच गोष्ट मागतात. मामा आधी दम भरतात. "शिवराज माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसला. थापा मारणारा माणूस नव्हे. मधें हसायचं असेल तर आत्तांच खालीं जा." कोणी खाली जात नाही.

शिवराजला होडी स्वतःसाठी नको होती. त्याचा मुलगा साईराम मत्स्यशास्त्र शिकलेला. चेन्नईची नोकरी सोडून आला आणि खेकडे धरायचा धंदाच करीन म्हणून हटून बसला. मल्लिपट्टणमच्या बाजूला समुद्र उथळ, बरंच आत गेलं तरी पाणी छातीपर्यंतच. तिथं सपाट बुडाची लहान फायबरची होडी लागते. बायको गेल्यापासून शिवराजला या पोराशिवाय कोणी नव्हतं. होडी जुनी चालेल, पण पोराला दगा देणारी नको, एवढंच त्याचं म्हणणं.

किनाऱ्यालगत शिवराजची नारळाची बाग आहे. तिथून हाकेच्या अंतरावर भुवना राहायची, मच्छीमाराची विधवा. तिच्या अंगणात एक होडी उपडी पडली होती. शिवराजनं अर्धा दिवस तिची झडती घेतली. नाण्यानं बूड ठोकून पाहिलं, कारण फायबरच्या थरांमध्ये घातलेलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बसका येतो. इंजिन अडकवायच्या फळीवर स्वतः उभा राहून नाचला. तळावरून हात फिरवून कुठं ठिगळ लागतं का तेही पाहिलं. होडी खणखणीत निघाली.

"घेऊन जा, अय्या," भुवना तमिळमध्ये म्हणाली. "दोन दिवस ठेवा. समुद्रात घाला, ठोका, काय हवं ते करा. फक्त जमिनीवर ठेवून आत पाणी भरू नका."

शिवराजनं मान हलवली खरी, पण डोक्यात किडा वळवळला. जुनी होडी घेणारा प्रत्येक जण हीच परीक्षा घेतो. रात्रभर भरून ठेवायची आणि सकाळी बाहेर ओल दिसते का ते पाहायचं. नेमकं तेच नको म्हणते, म्हणजे बाई चीर लपवते आहे. वीज खात्यात जन्म घालवलेला माणूस तो, उघडू नका म्हटलेली पेटी आधी उघडणार.

"राहूं द्या की, अप्पा," साईराम म्हणाला. "नको म्हणून सांगितलंय ना त्यांनीं."

"त्यांत तूं बसणार आहेस, साई. मी नव्हे."

रात्री नऊ वाजता बागेत माडाच्या दोन ओंडक्यांवर होडी ठेवली आणि पंपाची नळी आत सोडली. पाणी बसायच्या फळीपर्यंत आलं तशी शिवराजनं खडूनं खूण केली. होडीखाली कोरडी राख पसरली, थेंब जरी पडला तरी दिसावा म्हणून. साईराम बागेतल्या घराच्या ओसरीवर चटई टाकून झोपला. शिवराज अंगणात खाटेवर जागा राहिला, बॅटरी उशाशी घेऊन. पुनव होऊन तीन दिवस झाले होते. चांदणं होतं.

साडेअकराला पाणी खुणेवर होतं.

सव्वाबाराला चार बोटं खाली.

राखेवर बॅटरी मारली. राख कोरडी. वाकून सगळं बूड चाचपलं. तेही कोरडं.

तेव्हा आवाज आला. छप्प... मग काही नाही. छप्प... मग काही नाही. होडीतलं पाणी डब्यानं उपसताना होतो तो आवाज. डबा बुडत होता, भरत होता. फेकलेलं पाणी मात्र कुठं पडतच नव्हतं.

शिवराजनं बॅटरी होडीत धरली. आत कोणी नाही. पाण्यात डब्याएवढा खळगा पडायचा. भरून यायचा. पुन्हा पडायचा.

आणि कोणीतरी धापा टाकत होतं.

साईरामला हाक मारावी म्हणून त्यानं ओसरीकडे पाहिलं. साईराम झोपलेला. कुशीवर. तोंड भिंतीकडे.

मग दुसरा डबा सुरू झाला.

हा हलका. भराभर चालणारा. आता दोघं उपसत होते. एकाआड एक...

शिवराज खाटेवर बसला.

दोनच्या पुढं पहिला थांबला. धापाही थांबल्या. दुसरा... थांबला नाही.

तीनच्या सुमाराला तळ खरवडल्याचा आवाज झाला.

मग काही नाही...

फटफटलं तशी भुवना फाटकातून आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. सरळ होडीपाशी गेली आणि आत हात घालून तळ चाचपला.

"पाणी भरलंत," ती म्हणाली.

"चुकलं, अम्मा. तुम्ही चीर लपवताय असं वाटलं मला."

"चीर नाही हिला. माझे धनी गेले त्या रात्री वाऱ्यानं लाट आत आली. खाली चिखल, उतरलं की पाय रुततात. ते रात्रभर उपसत बसले असणार. सकाळी लोक पोचले तेव्हा होडी काठोकाठ भरलेली होती, आत त्यांचा प्राण गेलेला." तिनं पदर तोंडाला लावला. "पाणी साचलं की त्यांना वाटतं, अजून बुडतेच आहे. येतात आणि उपसतात. पण एकदाही रिकामी झाली नाही, अय्या. आज कशी झाली?"

"दोघांनी उपसली," शिवराज म्हणाला.

भुवनाचा पदर तोंडावरून खाली आला.

"ते होडी घेऊन एकटेच गेले होते," ती म्हणाली.

ओसरीवर पितळेचा लोटा घरंगळला. साईराम पायरीवर येऊन उभा होता, अर्धवट झोपेत.

"अप्पा, लोटा धरवत नाहीं मला."

त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. बोटांच्या मुळाशी ओळीनं फोड आले होते. काही फुटून आतलं लाल मांस दिसत होतं.

"काय झालं की," तो म्हणाला. "रात्रीं कूस देखील बदलली नाहीं मीं."