सुरंगबावीचा उतार

“ओ घंटीवाले… घागरभर पाणी आणून देताव का?”

प्रदर्शनासाठी केलेल्या विजेच्या घंटीवरचा हात काढून माणिकप्पानं दचकून मागं पाहिलं. मागं माणूस नव्हतं, नुसता जाड निळा पडदा होता. बिदरच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. दालनाच्या टोकाला, गोषातल्या मुलींसाठी, हा पडदा बांधला होता. मुलीनं केलेली वस्तू पडद्याबाहेर, मुलगी पडद्याआड. पडद्याखालून एक रिकामी घागर हळूच बाहेर सरकली आणि ती ढकलणारा हिरव्या बांगड्यांचा हात तेवढ्याच हळूच आत गेला.

दोन दिवस ऊन पडलं नव्हतं. ढग किल्ल्याच्या बुरुजांवर टेकून बसले होते, आणि दालनात दिवसाच कंदील लावावे लागले होते. माणिकप्पा पाणी घेऊन आला तेव्हा त्याचं अर्धं धोतर भिजलं होतं.

“घागरीत काही उरलं का सगळं धोतरालाच पाजलंत?” आतला आवाज हसला.

“उरलंय… पुरंल एवढं.”

“आणि ती घंटी सकाळधरनं कामून वाजवायलाव? कोणाला बोलवायलाव?”

“कोणालाच न्हाई. बिघडली का बघायलोय.”

“बघा, एवढी वाजवली तर कोणीतरी येणारच की.”

माणिकप्पाचे कान तापले. अठरा वर्षांचा झाला तरी घरच्या बायकांखेरीज दुसऱ्या कुणा मुलीशी तो चार वाक्यं बोलला नव्हता. पडद्याआड चंद्रभागाबाईंनी, म्हणजे मुलीच्या आत्यानं, घसा खाकरला. “राजू, परक्या पोराला असं बोलतेत का? अण्णा म्हण त्याला.”

“मला चार अण्णा हायत, आत्या. पाचवा नको.”

माणिकप्पा खाली बघून पाणी ओतू लागला. राजूबाईनं काचेच्या पेटीत लाल मातीची सुरंगबावी केली होती: जमिनीखालून डोंगराचं पाणी गावापर्यंत आणणारी, बिदरला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली वाट. वरून ओतलेलं पाणी मातीत मुरलं, आतल्या बोगद्यात ठिबकलं आणि सावकाश चालत दुसऱ्या टोकाच्या वाटीत आलं. त्यानं मान वर केलीच नाही. इतकं देखणं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते इतकं देखणं नसतं तर बरं, असंही त्याला वाटलं.

कारण जागा एकच होती. निवड होईल त्यानं उन्हाळ्यात हैदराबादला जायचं, खऱ्या प्रयोगशाळेत शिकायचं, आणि पुढचं शिक्षणही तिथंच. सकाळीच मास्तर कानाशी बोलले होते, “तुझ्या घंटीवर परीक्षक साहेब खूश आहेत. पडद्यापाशी याहून चांगलं काही निघालं नाही तर जागा तुझी.” आणि माणिकप्पाच्या अप्पांनी भालकीहून निरोप धाडला होता: निवड झाली तर हैदराबाद, नाहीतर शाळा सोडून दुकानावर बसायचं.

“तुमची निवड न्हाई झाली तर?” त्यानं पडद्याला विचारलं.

“तर आमचे आबा होळीनंतर लग्न लावून देणार. स्थळ बघून ठेवलंय. झाली तर हैदराबादला मावशीच्या घरी राहू देतो, असं कबूल केलंय त्यांनी.”

दुपारी परीक्षक साहेब पडद्यापाशी आले. गोषातल्या मुलीनं साहेबांसारख्या परक्या मोठ्या माणसाशी थेट बोलायचं नाही, हा राजूबाईच्या घरचा नेम; शाळेतल्या पोरांपुरता आत्या काणाडोळा करायची. साहेबांना मराठीही येत नव्हतं. म्हणून त्यांनी उर्दूत विचारायचं, मधल्या माणसानं पडद्याशी मराठीत सांगायचं आणि आतलं उत्तर बाहेर उर्दूत पोचवायचं, असं ठरलं होतं. मास्तरांनी वर्गातला सर्वांत चांगला उर्दूवाला पुढं केला. तो माणिकप्पाच होता.

साहेबांनी पेटीकडं बराच वेळ पाहिलं. “सुरंग का ढाल इतना कम क्यों रखा?”

माणिकप्पा पडद्याशी वाकला. “उतार इतका कमी कामून ठेवला, विचारायलेत.”

“जास्त दिला तर पाणी धावतंय, तळ खातंय, सुरंग आतून ढासळती. दिलाच न्हाई तर गाळ बसतोय.” आवाज कापत होता, पण अडखळत नव्हता. “पाण्यानं चालावं, पळू नये.”

माणिकप्पा सरळ उभा राहिला. साहेब त्याच्याकडं बघत होते. ‘मालूम नहीं’… दोनच शब्द. भालकीचं दुकान टळलं असतं. पण मग होळीनंतर…

त्यानं सांगितलं. तळ, गाळ, ढासळणं, सगळं. शेवटचं वाक्य तर असं सांगितलं की साहेबांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

संध्याकाळी राजूबाईचं नाव पुकारलं गेलं. मास्तर माणिकप्पाकडं पाठ करून निघून गेले. लोक पांगले, भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि तो घंटीच्या तारा सोडवत बसला.

“घंटीवाले…”

तो पडद्यापाशी गेला.

“मला उर्दू येती. आबांचं वर्तमानपत्र मीच वाचून दाखविते.”

“म्हणजे… मी काही फिरवून सांगितलं असतं तर?”

“कळलं असतं. पण साहेबांपुढं बोलता आलं नसतं. गप बसले असते, लग्न केलं असतं, आणि तुम्हाला विसरले असते.” ती थांबली. “आता ते जमायचं न्हाई.”

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, “तुमचं उत्तर… मला लई आवडलं.”

“उत्तरच?”

“…न्हाई.”

पडदा सळसळला. कडेला बोटं आली, कापड बाजूला झालं. माणिकप्पानं लाजून जमिनीकडं पाहिलं.

“वर बघा की… एकदाच.”

त्यानं मान उचलली, तोवर आत्याच्या हातानं कापड ओढून घेतलं होतं. “राजू! दमणी जुंपली. आबा खोळंबलेत.”

दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज तिच्या मैलूर गावच्या वाटेनं दूर गेला. माणिकप्पा पावसात फाटकापर्यंत गेला आणि उभा राहिला. उद्यापासून भालकीचं दुकान. पण कधी ना कधी मालाच्या खरेदीला हैदराबादला जाणं होईलच. ती रस्त्यात समोरून येईल, आणि तरीही तो तिला ओळखणार नाही. आधी तिलाच बोलावं लागेल.