पुढच्या बुधवारी या

पहिल्यांदा आला तो भाचीला घेऊन नव्हे, कागद घेऊन. बुधवार म्हणजे आमच्या दवाखान्यात लसींचा दिवस, नुसती रडारड! त्यात हा चष्म्याच्या दुकानातला माणूस माझ्यासमोर घडी उलगडत म्हणाला, "सिस्टर, भाची अकरा महिन्यांची झाली, तरी ताई गोवराची लस द्यायला तयार नाही. कुणीतरी तिला हे पाठवलंय. यात खरं किती?"

पहिलाच मुद्दा – लसीने आकडी येते.

"हे खरं आहे," मी म्हणाले. तो चमकलाच. "तीन-चार हजारांत एखाद्या बाळाला तापाची आकडी येते, आणि ते बरं होतं. गोवराने मात्र बाळं दगावतात."

"भलत्याच खऱ्या आहात! पण बाटलीवरचं वाचताना डोळे बारीक करता. नंबर लागलाय तुम्हाला."

"गिऱ्हाईक शोधायला आलात वाटतं?"

हसला. मेल्याच्या गालाला खळी पडत होती.

दुसऱ्या बुधवारी मुद्दा होता कसल्याशा गोड थेंबांचा. ते घेतले की म्हणे गोवर होतच नाही.

"थेंब घेऊनही किती जणांना झाला? मोजलंय कुणी?"

तो विचारात पडला. "म्हणजे… माझ्या चष्म्याने ज्यांचं डोकं दुखायचं थांबलं, तेच सांगायला येतात. बाकीचे गुपचूप दुसरं दुकान गाठतात."

"अगदी तस्सं!"

मग आठवडाभर मी बुधवारचीच वाट पाहत राहिले. तिसऱ्यांदा त्याने शेवटचा मुद्दा दाखवला – लसीने मुलं बोलायची थांबतात, तसा अभ्यासच आहे. उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते दिलं, की हा परत कशाला येईल?

"बघून सांगते… पुढच्या बुधवारी या."

शुक्रवारी एका मुलाला गोवर निघाला. पत्ता वाचला. त्याने बोलता बोलता सांगितलेली ताईंचीच इमारत! तशीच धावत त्याच्या दुकानात गेले.

"बारा मुलांचा अभ्यास होता तो. लबाडी निघाली, मागे घ्यावा लागला. नंतर लाखो मुलं तपासली, तसं काही आढळलं नाही. ताईंच्या इमारतीत गोवर आलाय, बाळाला आत्ता आणा! आणि… उत्तर मला परवाच ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

 त्याने शटर ओढलं आणि तो गेला.

तासाभरात ताई बाळाला घेऊन आल्या. "आकडीचं खरं सांगणाऱ्या तुम्हीच ना? तुमच्या भरवशावर आलेय." लाजेने मला मान वर करवेना. लस दिल्यावर अर्धा तास थांबावं लागतं. तोही ताईंसोबत आला होता, सगळा वेळ बाकावर बसून होता, पण त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तीन बुधवार कोरडे गेले. दार वाजलं की जीव वर-खाली… छे, कुणी दुसरंच असायचं.

चौथ्या बुधवारी तो दारात उभा. हातात कागद नव्हता, चष्म्याची डबी होती.

"बाळ ठणठणीत आहे."

"आणि… राग?"

"आहे थोडा. नंबर अंदाजाने काढलाय. चुकला असेल, तर दुकानात यावं लागेल."

मी चष्मा लावला. बाटलीवरचं बारीक अक्षर लख्ख दिसलं, त्याची खळीसुद्धा. चुकलाय म्हणणं किती सोपं होतं!

"अगदी बरोबर आहे," मी म्हणाले. "तरी… येऊ का?"

"या की. पण आजच. पुढच्या बुधवारी नको."