उरलेलं कुलूप

“हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या,” मामांनी भाच्यांना बजावलं, आणि साडूची गोष्ट सुरू केली.

साडू कन्व्हर्टर स्टेशनवर होता. तिथे मोठ्या दाबाची वीज एसीची डीसी होते, आणि त्या उलाढालीत आसपासच्या रेडिओंत खरखर उठते. ती अँटेनावर मोजायची, कॉम्प्युटरवर स्टेशनची हुबेहूब नक्कल मांडून तीच खरखर गणितानं काढायची आणि दोन्ही आलेख जुळवायचे, हे त्याचं काम. माणूस हुशार, पण राग नाकावर.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. दुरुस्ती संपली होती. यंत्रांच्या हॉलमध्ये जाणारा प्रत्येक जण, आपण आत असताना वीज सुरू होऊ नये म्हणून, दाराशेजारच्या खटक्याला आपलं कुलूप लावून जातो आणि बाहेर आला की स्वतःच काढतो. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही. त्या संध्याकाळी एक कुलूप उरलं. माणसं मोजली, सगळी बाहेर.

“विसरला असेल कोणी गाढव,” म्हणत साडूनं ते कापलं आणि कचऱ्यात फेकलं. वीज सुरू झाली. तो कुंपणाजवळच्या केबिनमध्ये मोजायला बसला.

आलेख जुळेना. आत शिडी राहिली असेल म्हणून त्यानं नकलेत शिडी ठेवली. नाही. पत्र्याचं कपाट ठेवलं. नाही. मग पुरुषभर उंचीचा, मिठाच्या पाण्याचा खांब ठेवला. माणसाचं शरीर असंच मांडतात.

आलेख जुळला.

आपल्या हातून माणूस गेला? साडूनं कंट्रोल रूमला फोन लावला. “बंद करा! आत कोणीतरी आहे!”

“अहो साहेब, सगळे इथेच चहा पितायत.”

“बंद करा म्हणतो ना!”

“बरं बरं. वरून परवानगी घेतो. थांबा जरा.”

त्यानं पुन्हा मोजलं. जुळेना. खांब हॉलच्या दाराशी सरकवला... जुळला.

पुन्हा मोजलं. खांब दाराबाहेर.

पुन्हा. अंगणात...

पुन्हा. केबिनच्या पायरीवर.

तेवढ्यात स्टेशनची घरघर थांबली. सगळं चिडीचूप.

आणि बाहेर... कट्.

साडू जागचा हलला नाही. बऱ्याच वेळानं फोन वाजला. “साहेब, हॉल उघडून पाहिला. कोणी नाही. या तुम्ही.”

देवाची कृपा, म्हणत तो उठला. दार ढकललं. उघडेना.

त्याला खिडकीतून बाहेर काढावं लागलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. तेच, संध्याकाळी कापलेलं. आता अख्खं. कोणीतरी कटर आणला, तर साडूनंच त्याचा हात धरला.

“नको,” तो म्हणाला. “ज्याचं आहे, तो काढेल.”

भाच्यांपैकी कोणी हसलं नाही.

ते कुलूप अजून लागलेलंच आहे.