नऊ मीटरचा पाइप

तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण माझी मामी खोटं बोलत नाही. आणि बोलायचंच असतं, तर तिने याहून सुखाचं काहीतरी सांगितलं असतं.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर टळटळीत ऊन. जागा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना, खाली दोन खोल्या आणि वर एक.

मामी वायरमन आहे. मामाही वायरमन होता. पंचवीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मामा तासभर गायब व्हायचा, म्हणून सगळे त्याला ‘दोन मिनिटं’च म्हणायचे.

दीड वर्षापूर्वी तो गेला.

भिंतीतल्या पाइपमधून वायर ओढायला एक लांब, लवचीक पट्टी असते. कारागीर तिला नुसतं स्प्रिंग म्हणतात. एका टोकाने सारायची, दुसऱ्या टोकाला निघाली की वायर बांधून मागे खेचायची. मामा नवी स्प्रिंग घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने दोन समोर ठेवल्या. एक नायलॉनची, एक स्टीलची.

मामाचा हात नायलॉनवर गेला होता. मामी म्हणाली, “ती लुळी पडते. वळणावर अडून बसते. स्टीलचीच घे.”

त्याने घेतली. बायकोशी दुकानात वाद घालणारा माणूस नव्हता तो.

आठ महिन्यांनी एका गोदामात त्याने ती स्प्रिंग पाइपमध्ये सारली. पलीकडे विजेचं पॅनेल होतं. बंद आहे असं सांगितलेलं. ते चालू होतं.

मामी तेव्हा जिन्यावर होती. तिला फक्त एक आवाज ऐकू आला... आणि मग काहीच नाही.

कुणी तिला बोल लावला नाही. त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

पुन्हा काम धरायचं ठरवलं तेव्हा ती त्याच दुकानात गेली. दुकानदाराने नायलॉनची स्प्रिंग समोर ठेवली. चकरीवर गुंडाळलेली, वीस मीटर. दुसरी काढलीच नाही.

त्या स्प्रिंगचं पहिलं काम म्हणजे हा दवाखाना.

डॉक्टरीणबाई खाली टेबलाशी कागद लावत बसल्या होत्या. वरची खोली कुलूपबंद होती, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मामीने मेन स्विच बंद केला, टेस्टरने दोनदा बघितलं आणि खालच्या बोर्डातून स्प्रिंग वर सारायला लागली.

चार मीटर गेली. पाच.

अडली.

तिने फिरवून बघितली, मागे घेऊन पुन्हा सारली. पट्टी तिच्या हातात लुळी पडली.

मामी खालीच बसली. भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, “बघ. म्हटलं होतं ना मी, अडते.”

तेवढ्यात...

स्प्रिंग हलली.

तिच्या हाताने नाही. वरून. टोक कुणीतरी अलगद धरावं तशी ताणली गेली.

“वर कोणी आहे का?” मामीने विचारलं.

“कोण असणार? किल्ली माझ्याकडे आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

स्प्रिंग सावकाश वर जाऊ लागली. सहा मीटर. सात.

जोडीने काम करणाऱ्यांची एक खूण असते. एकदा ओढलं की थांब. दोनदा ओढलं की सोड.

मामीने एकदा ओढलं.

स्प्रिंग थांबली.

भिंतीत काही आवाज नव्हता. तिने बोर्डाच्या भोकाशी तोंड नेलं. डॉक्टरीणबाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, “माझ्यामुळे झालं का रे?”

मग... एक झटका. लगेच दुसरा.

सोड.

मामीने सोडली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरली. पट्टी तळव्यांतून सरकत राहिली, कातडी सोलली. चकरी रिकामी होत गेली. बारा मीटर. पंधरा. अठरा. मग शेवटचं टोक तिच्या बोटांतून निसटून भिंतीत गेलं.

पाइप नऊ मीटरचा होता.

डॉक्टरीणबाई उठून आल्या. तिच्या हातांचं रक्त बघून त्यांनी आधी मलमपट्टी केली, मग दोघी वर गेल्या. कुलूप होतं तसं. आत फरशीवर धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. वरच्या बोर्डाचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं. मामीने ते उघडलं.

पाइपचं तोंड रिकामं होतं.

दोन दिवसांनी गवंड्याने भिंत फोडली. पाच मीटरवरच्या वळणात सिमेंटचा दगडासारखा गोळा जमला होता. मुंगीसुद्धा पलीकडे गेली नसती. स्प्रिंग खाली नव्हती, वर नव्हती, कुठेच नव्हती. डॉक्टरीणबाई मामीला म्हणाल्या, “लोक माझ्या खुर्चीला घाबरतात. मी आता त्या भिंतीला घाबरते.” पुढे त्या भिंतीची खोली त्यांनी वापरलीच नाही.

मी मामीला एकदा विचारलं, “मामाच होता ना तो?”

“दोन झटके सगळेच वायरमन देतात,” ती म्हणाली. “आणि तो असता, तर मी विचारलं त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं. नाहीतर... तेच उत्तर असेल. मला कसं कळणार?”

गेल्या रविवारी ती माझ्याकडे पंख्याचा स्विच बदलायला आली होती. पाच मिनिटांचं काम. मी पाणी घेऊन आले, तर ती बोर्डाशेजारी भिंतीला कान लावून उभी.

“काय ऐकतेस गं?”

“काहीच नाही,” ती म्हणाली.

पाण्याचा ग्लास तिने घेतला, तसाच हातात धरला... आणि पुन्हा कान लावला.