निळ्या रेघेतली खुर्ची

"पोरगी गुणाची आहे, पण नजर नाही गं तिला. पानं पुसायला दे, बघायला नको," असं माझी नणंद सासूबाईंना म्हणाली, तेव्हा मी बटर पेपरचं बंडल छातीशी धरून दाराआडच उभी होते. वाईट बुद्धीनं म्हणाली नव्हती ती. लग्नाला दोन महिने झाले होते आणि तोवर या घरात मी बोललेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. माणसांनी मग काहीतरी अंदाज बांधायचाच. मी मनात वीसपर्यंत मोजलं, खोकले, आणि आत गेले.

या घरात कॉमिक्स तयार होतात. सासरे गोष्ट लिहितात, नवरा चित्रांवर शाई चढवतो, नणंद संवादांचे फुगे भरते आणि सासूबाई सगळ्यांच्या चुका काढतात. चित्रं काढायच्या त्या आत्या, सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी काढलेली कालप्रवासाची, अंकाअंकांतून छापून आलेली एक गोष्ट आता पुस्तकरूपानं निघत होती. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा लंबकाच्या घड्याळात शिरतो आणि भलत्याच शतकात बाहेर पडतो, अशी ती गोष्ट.

आत्यांची खोड अशी, की चित्रांत काहीबाही लपवायचं आणि मेलं तरी सांगायचं नाही. राजाचा मुकुट म्हणजे आमचीच चहाची गाळणी, पालथी घातलेली. डायनासोरच्या पाठीवरचे ठिपके जोडले, की गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांचं नाक होतं. पाचव्या पानावर हरवलेलं कोटाचं बटण चाळिसाव्या पानावर सापडतं, म्हणजे हरवण्याच्या दोन हजार वर्षं आधी. जाताना आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, की एकूण शंभर आहेत, शोधत बसा.

सगळ्यांनी मिळून नव्व्याण्णव शोधल्या होत्या. मुखपृष्ठ मात्र कधीच छापून आलं होतं आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, 'लपलेल्या शंभर गोष्टींच्या यादीसह'. त्या दिवशी पाच वाजता छापखान्याचा माणूस पानं आणि यादी न्यायला येणार होता. एखादं मांजर नव्यानं घुसडून देऊ, कुणाला कळतंय, असं नणंदेचं म्हणणं. सासरे जेवले नाहीत.

"ताईनं वाचकाला कधी फसवलं नाही," ते म्हणाले. "नाही सापडली, तर पुस्तक निघणार नाही."

घरातल्या सगळ्यांची दोन वर्षांची मेहनत होती ती. चौघं छापील अंक आणि भिंगं घेऊन जेवायच्या टेबलाशी बसली. मला काम दिलं ते चौसष्ट मूळ पानांवरची धूळ झटकायचं, आणि दर दोन पानांमध्ये बटर पेपर घालायचं.

दुपारचे अडीच वाजले असतील. आत्यांच्या खोलीत, पानांचे रंग उडू नयेत म्हणून, जाड पडदा कायमचा ओढलेला. टेबलावर वाकड्या मानेचा एक दिवा, त्याचा ताटलीएवढा उजेड, आणि भोवती शाईचा, डिंकाचा, जुन्या कागदाचा वास. पलीकडून वादावादीची गुणगुण ऐकू येत होती. म्हणजे सगळं ठीक होतं.

पहिल्याच पानावर, शाईच्या चित्राखाली, फिकट निळी रेघ दिसली. आमच्याकडे कच्चं चित्र निळ्या पेन्सिलीनं काढतात. छपाईच्या कॅमेऱ्याला ती रेघ दिसतच नाही, म्हणून खोडायचीही गरज नसते. वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या डोळ्यांनाही ती दिसेनाशी होते. मला ही शिस्त अजून कुणी लावली नव्हती, म्हणून मी आपली बघत बसले. शाईत जिथे दुकानाची भिंत होती, तिथे निळ्या रेघेत एक दार होतं.

दहाव्या पानावर ते दार उघडं. आत लांबलचक बोळ. विसाव्यावर बोळाच्या पार टोकाला कुणीतरी, तिळाएवढं. तिसाव्यावर नखाएवढं. राजा, हत्ती, अग्निबाण, सगळ्यांच्या खालून ते कुणीतरी चालत येत होतं… पानोपानी जवळ.

मी बटर पेपर घालत राहिले. थांबले असते, तर पानंही पुसता येत नाहीत असं झालं असतं.

चाळिसाव्या पानाशी लवंगेचा वास आला. पन्नासाव्याशी पाठीमागे खर्र… खर्र… असा आवाज, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा. मी वळून पाहिलं नाही. याला कुणी धैर्य म्हणू नये, मान वळत नव्हती. टेबलावरच्या वाटीत पेन्सिलीची एक निळी साल पडली होती, अगदी ताजी. ती वाटी सकाळी मीच धुतली होती.

शेवटच्या पानावर म्हातारा आपल्या रिकाम्या दुकानात परत येतो. ते शाईत. निळ्या रेघेत तिथे आमचं जेवायचं टेबल होतं. चष्मा कपाळावर सरकवलेले सासरे. कानामागे हात धरलेल्या सासूबाई. फूटपट्टी दातांत धरलेली नणंद. नाकाला शाई लागलेला नवरा. आणि एक मुलगी, जिच्या स्वेटरच्या डाव्या कोपरावर बदामाच्या आकाराचं ठिगळ होतं. ते ठिगळ मी गेल्या रविवारी लावलं होतं. चित्र अकरा वर्षांपूर्वीचं.

सगळे त्या मुलीकडे बघत होते. ती दाराकडे बघत काहीतरी बोलत होती, पण तिचा फुगा रिकामा होता. सहावी खुर्चीही रिकामी, कुणी बसायचं असल्यासारखी जराशी मागे ओढलेली.

पान घेऊन मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी बाहेर पडले. टेबलावर पान ठेवलं, निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि माझ्या जागी बसले.

चौघंही भिंगं घेऊन पानावर वाकली. मग सासरे इतक्या मोठ्यानं हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी यादीत शंभर हा आकडा घातला. नणंद माझ्याकडे बघून ओशाळली आणि रिकाम्या फुग्यात किती शब्द मावतील ते मोजायला लागली.

"सहा शब्द, वहिनी," ती म्हणाली. "फार तर सहा." मग तिनं हवा हुंगली. "लवंगेचा वास कुठून येतोय? आत्या चघळायची तसा…"

आणि तिनं फूटपट्टी दातांत धरली.

सासऱ्यांनी डोळे पुसायला चष्मा कपाळावर सरकवला. नवऱ्यानं शाईच्या बोटानं नाक खाजवलं. सासूबाईंनी कानामागे हात धरला.

"बोळात कोण चालतंय गं?"

छापखान्याचा माणूस असेल, असं नवरा म्हणाला. घड्याळात पावणेपाच झाले होते आणि दाराला आतून कडी होती. माझ्या शेजारची सहावी खुर्ची आत्यांची. चार वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. ती आता जराशी मागे ओढलेली होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरातलं वडीलधारं माणूस दारात येऊन थांबलेलं, आणि नव्या सुनेनं तोंड मिटून बसायचं, हे काही बरं दिसत नव्हतं. मी दाराकडे बघितलं.

"आत्या, बसा ना. खुर्ची रिकामीच आहे."